तोंडावर म्हणता येईल असे नाव

(मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलायना येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यान)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गृहस्थ सामना असला की वही-पेन्सिल घेऊन गुणफलक लिहायला बसत, हे इथल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे. म्हणून संतवाङ्मय, लोकमान्य, मातृभाषेचे भवितव्य या हक्काच्या विषयांना आज सुट्टी दिली आहे. मी प्रेक्षकांच्या गोंगाटावर बोलणार आहे. खेळाचे चाहते स्वतःला काय म्हणवून घेतात, दुसऱ्याला काय म्हणतात, आणि त्यातले कुठले नाव अपमानकारक आहे हे कुणी ठरवायचे, हा आजचा विषय.

मॉरिसव्हिलमध्ये बसून या विषयाला उदाहरणे शोधावी लागत नाहीत. आपल्या तिन्ही बाजूंना एकेक विद्यापीठ आहे आणि तिन्हींची नावे भांडणातून गेलेली आहेत. चॅपल हिलचे लोक स्वतःला टार हील म्हणवतात. एके काळी या राज्याच्या पाइन जंगलांतून जहाजांसाठी डांबर, राळ आणि टर्पेंटाइन निघे. ते काढणाऱ्या गरीब मजुरांच्या टाचांना डांबर चिकटलेले असे, आणि त्यावरून बाहेरचे लोक त्यांना हिणवत. यादवी युद्धात इथल्या सैनिकांनी तीच शिवी छातीवर बिल्ल्यासारखी लावली. रालेच्या एन. सी. स्टेटचे 'वुल्फपॅक' हे नाव १९२०च्या दशकातल्या एका तक्रारीतून आले. खेळाडू लांडग्यांच्या टोळीसारखे वागतात, अशी ती तक्रार होती. दुसरे महायुद्ध संपल्यावर तिथले कुलगुरू हॅरेलसन यांना हे नाव नकोसे झाले, कारण जर्मन पाणबुड्यांच्या टोळ्यांनाही जग हेच म्हणत होते. त्यांनी नवे नाव सुचवण्याची स्पर्धा लावली. विद्यार्थी आणि माजी विद्यार्थी असे काही उसळले की लांडगे आहेत तिथेच राहिले. ड्यूकची कथा आणखी मजेची. मेथॉडिस्ट पंथाच्या कॉलेजात १९२२ साली विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंच डोंगरी पलटणीवरून 'ब्लू डेव्हिल्स' हे नाव उचलले. धार्मिक संस्थेच्या दारावर सैतानाची पाटी! खवळतील असे वाटलेले धर्मनिष्ठ फारसे खवळले नाहीत.

आणि अगदी अलीकडचे सांगायचे तर आपला आइस हॉकीचा संघ, हरिकेन्स. २०१९च्या फेब्रुवारीत डॉन चेरी या कॅनडातल्या तोंडाळ समालोचकाने, घरचा सामना जिंकल्यावर बर्फावर नाटुकली करणाऱ्या या खेळाडूंना दूरचित्रवाणीवरून 'बंच ऑफ जर्क्स' म्हटले. आपल्याकडे 'उनाड कार्टी' म्हणतात, त्यातला प्रकार. क्लबने रागावण्याऐवजी ते शब्द टी-शर्टवर छापले आणि विकले. आपल्या गावातल्या लेनोव्होचे नाव आता ज्या रिंगणाला आहे, तिथे आजही तो शर्ट घातलेले लोक दिसतात.

या चारही नावांत एक गोष्ट सारखी आहे. शिवी असो वा सैतान, ज्याचे नाव त्यानेच ते अंगाला लावून घेतले. दुसऱ्या कुणाला त्याची किंमत मोजावी लागली नाही. असे असेल तर वाद हा केवळ करमणुकीचा भाग. खरे दुखणे सुरू होते ते नाव एकाचे आणि जखम दुसऱ्याची असते तेव्हा.

आता जरा ड्यूकच्या बास्केटबॉल प्रेक्षकांपाशी थांबू. 'कॅमेरॉन क्रेझीज' या नावाने ते देशभर ओळखले जातात. 'क्रेझी' हा शब्द आज मानसिक आजाराच्या संदर्भात खटकतो, आणि तो टाळा म्हणणारे लोक आहेत. त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. तरीही मला वाटते की या गटाबाबतीत नावापेक्षा त्याने केलेल्या करामती अधिक शिकवून जातात.

जानेवारी १९८४. मेरीलँडचा संघ आला होता. त्यातला हर्मन व्हील हा खेळाडू एका विद्यार्थिनीच्या तक्रारीवरून चर्चेत होता. प्रेक्षकांतल्या विद्यार्थ्यांनी त्याच्यावर बायकांची अंतर्वस्त्रे भिरकावली, आणि ज्या घोषणा दिल्या त्या इथे सांगण्यासारख्या नाहीत. तेव्हा ड्यूकचे अध्यक्ष टेरी सॅनफर्ड होते. १९६१ ते १९६५ या काळात याच राज्याचे राज्यपाल राहिलेले, पुढे सिनेटर झालेले. त्यांनी ना कुणाला निलंबित केले, ना चौकशी समिती नेमली. विद्यार्थ्यांना एक पत्र लिहिले. आशय असा की तुमची ही ख्याती मला शोभेशी वाटत नाही. शिव्या द्याव्या लागतात याचा अर्थ तुमचे डोके कमी पडते. जरा अक्कल लढवा. खाली सही केली, 'अंकल टेरी'. टेरीकाका!

घरच्या मैदानावरचा पुढचा सामना चॅपल हिलशी होता. त्या संघात मायकेल जॉर्डन नावाचा एक मुलगा होता. पंचांचा निर्णय पटला नाही की सबंध स्टेडियम एका सुरात म्हणायचे, 'वी बेग टू डिफर', म्हणजे 'आम्ही नम्रपणे असहमत आहोत'. काही पोरांनी डोक्यावर देवदूतांची तेजोवलये लावली होती. हे सगळे खोडसाळपणेच चालले होते हे उघड आहे. पण खोडसाळपणा आणि घाण यांतला फरक त्या पोरांना कळला होता आणि तो त्यांनी अख्ख्या देशाला दाखवला.

कळलेले टिकतेच असे नाही. पाचच वर्षांनी त्याच प्रेक्षागारात एक फलक झळकला. चॅपल हिलच्या जे. आर. रीड या कृष्णवर्णीय खेळाडूच्या आडनावाचा उच्चार 'वाचणे' या अर्थाच्या इंग्रजी शब्दासारखाच आहे. फलक होता, 'जे. आर. कान्ट रीड'. शब्दखेळ म्हणून चलाख, आणि पोरांना तो तेवढाच वाटला असेल. चॅपल हिलचे प्रशिक्षक डीन स्मिथ यांना तसे वाटले नाही. हे तेच स्मिथ, ज्यांनी १९६०च्या दशकात चार्ली स्कॉटला शिष्यवृत्ती देऊन आपल्या विद्यापीठाच्या खेळात वर्णभेदाची भिंत पाडली. त्यांनी पत्रकारांना सुनावले की रीड आणि स्कॉट विल्यम्स या माझ्या दोन काळ्या खेळाडूंच्या प्रवेशपरीक्षेतल्या गुणांची बेरीज ड्यूकच्या डॅनी फेरी आणि ख्रिश्चन लेटनर या दोन गोऱ्या खेळाडूंच्या बेरजेपेक्षा जास्त आहे. खेळाडूंचे गुण असे चव्हाट्यावर आणावेत का, यावर स्मिथांनाही बोल लागला. मला तो बोल रास्त वाटतो. पण त्यांचा सवाल बिनतोड होता. फेरीच्या किंवा लेटनरच्या बाबतीत असा विनोद सुचला असता का? काळ्या मुलाला वाचता येत नसणार, हे गृहीत धरल्याशिवाय त्या फलकाला हशा मिळत नाही. अशा मुलांच्या गुलाम पूर्वजांना लिहायला-वाचायला शिकवणे याच राज्यात कायद्याने गुन्हा होता.

इथून मी माझ्या मुद्द्याकडे येतो. हेतू काय होता, हे अशा वादात आपण सारखे विचारतो. चाहता म्हणतो, माझ्या मनात तसे काही नव्हते. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण हेतू ही दाखवता न येणारी वस्तू आहे, त्यावर वाद कधी संपत नाही. मग कुणी शब्दकोश उघडतो, कुणी मतदान घेतो. माझी कसोटी जुनी आणि घरगुती आहे. हे नाव ज्याच्या वाट्याला येते, तो माणूस तुमच्या पंगतीला शेजारी बसला असताना, त्याच्या तोंडावर, मान खाली न घालता ते उच्चारता येते का?

वॉशिंग्टनच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे उदाहरण घ्या. १९३३ साली बोस्टनमध्ये असताना जॉर्ज प्रेस्टन मार्शल या मालकाने संघाला 'रेडस्किन्स', लाल कातडीचे, हे नाव दिले. १९३७ मध्ये संघ राजधानीत आला. हा मालक कसा होता, तर या लीगमधल्या सगळ्यांत शेवटी, १९६२ साली, सरकारचा बडगा बसल्यावर त्याने काळे खेळाडू घेतले. आपणही लहानपणी 'रेड इंडियन' असेच म्हणत वाढलो, तेव्हा फार नाक वर करायला नको. पण मूळनिवासी जमातींना हे नाव बोचत होते आणि त्या गप्प बसल्या नव्हत्या. सुझन शोन हार्जो यांनी १९९२ मध्ये व्यापारचिन्हाच्या नोंदणीविरुद्ध अर्ज केला. पुढची फळी अमांडा ब्लॅकहॉर्स या नवाहो तरुणीने लढवली आणि २०१४ मध्ये सहा नोंदण्या रद्द झाल्या. संघाचे मालक डॅन स्नायडर आधीच सांगून बसले होते की नाव कधीही बदलणार नाही; 'कधीही' मोठ्या अक्षरांत छापा असेही त्यांनी पत्रकाराला बजावले होते.

मग गंमत झाली. सायमन टॅम नावाच्या आशियाई वंशाच्या गृहस्थाचा एक रॉक बँड होता, 'द स्लांट्स'. तिरप्या डोळ्यांवरून आशियाई लोकांना जे हिणवतात ते यांनी स्वतःच नाव म्हणून घेतले. व्यापारचिन्ह खात्याने त्यांनाही तेच कलम लावले. टॅम सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि जून २०१७ मध्ये आठही न्यायमूर्तींनी एकमुखाने अवमानकारक चिन्हांना नकार देणारे ते कलमच घटनाबाह्य ठरवले. आपल्याच शिवीची फुलमाळ करणाऱ्या वादकांनी लढाई जिंकली आणि प्रसाद मिळाला तो दुसऱ्याच्या शिवीवर धंदा करणाऱ्या संघाला. ब्लॅकहॉर्स यांचा खटला तिथे निकालात निघाला.

कायद्यात हे बरोबरच झाले असे माझे मत आहे. कुठले नाव सभ्य हे सरकारी कारकुनाने ठरवू नये. पण कायद्याने मोकळे सोडले म्हणून माणसाने म्हणावे असे होत नाही. शेवटी ते नाव गेले कशाने? २०२०च्या उन्हाळ्यात, जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर देश ढवळून निघाला असताना, ज्यांचे नाव स्टेडियमला होते त्या फेडेक्सने पत्र दिले आणि नायकेने संघाचा माल दुकानातून उतरवला. बाराव्या-तेराव्या दिवशी 'कधीही' संपले. तीस वर्षांच्या युक्तिवादाने जे झाले नाही ते गल्ल्याने केले, आणि ही काही अभिमानाने सांगण्याची गोष्ट नव्हे.

मतदानाचेही तसेच. २०१६ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने ५०४ मूळनिवासींना विचारले, दहांतल्या नऊ जणांनी आम्हाला काही वाटत नाही असे सांगितले. २०२० मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी अधिक खोलात जाऊन विचारले तर निम्म्याच्या आसपास लोकांना ते अपमानकारक वाटत होते. फोनवर अनोळखी माणसाला दिलेले उत्तर आणि पंगतीत शेजारच्याला दिलेले उत्तर एकच असते का, तुम्हीच सांगा.

आता तुम्ही म्हणाल, जखम झालेल्यांचेच आपापसांत एकमत नसेल तर? प्रश्न बरोबर आहे आणि त्याच्या एका उदाहरणाचे टोक आपल्याच राज्यात आहे. अटलांटा ब्रेव्हज या बेसबॉल संघाचे चाहते हाताची कुऱ्हाड करून 'टोमाहॉक चॉप' करतात. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये सेंट लुइसचा गोलंदाज रायन हेल्सली, जो स्वतः ओक्लाहोमातल्या चेरोकी नेशनचा सदस्य आहे, म्हणाला की यातून आमची माणसे रानटी, अडाणी दिसतात. चेंडू टाकायला तो उभा राही तेव्हा हजारो हात त्याच्यासमोर तेच करत असत! त्या मालिकेच्या शेवटच्या सामन्यात क्लबने फोमच्या कुऱ्हाडी वाटल्या नाहीत. पण आपल्या पश्चिम डोंगरात राहणाऱ्या ईस्टर्न बँड चेरोकींचे तेव्हाचे प्रमुख रिचर्ड स्नीड यांचे मत वेगळे. आमच्या वस्त्यांतले दारिद्र्य हा खरा प्रश्न, सामन्यात कुणी हात हलवला म्हणून मला राग येत नाही, असे ते म्हणाले. एकच जमात, १८३८ साली बहुतेक सगळी बंदुकीच्या धाकाने पश्चिमेला हाकलली गेली, थोडी इथल्या दऱ्यांत राहिली.

कुणाचे धरायचे? माझे उत्तर हेल्सलीकडे झुकते. कारण स्नीड लांबून बघत होते आणि हेल्सली मैदानात होता. ज्याच्या अंगावर ते येते त्याचे मत अधिक वजनदार. स्नीड यांनी दिलेली मुभा मोठेपणाची आहे, पण ती त्यांच्यापुरती. त्याच वेळी पेम्ब्रोकच्या विद्यापीठाकडे पाहा. १८८७ साली लंबी जमातीच्या शिक्षकांना घडवण्यासाठी ते निघाले. त्यांच्या संघाचे नाव ब्रेव्हज. महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने अशा नावांवर कडक धोरण आणले तेव्हा पेम्ब्रोकला ते राखू दिले. नाव अटलांटाचे तेच. पण ते घेणारे आणि ते ज्यांचे, ती माणसे एकच आहेत.

लंडनच्या टॉटनहॅम फुटबॉल क्लबचे प्रकरण मला सर्वांत अवघड वाटते. त्या भागात ज्यू वस्ती, म्हणून विरोधी चाहते ज्यूंना देतात ती शिवी त्यांना देत. काही तर विषारी वायूचा सूं-सूं आवाज काढत. टॉटनहॅमवाल्यांनी ती शिवी उलटवली आणि स्वतःला 'यिड आर्मी' म्हणवू लागले. २०१३ मध्ये पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉनसुद्धा म्हणाले की स्वतःला म्हणणे आणि द्वेषाने दुसऱ्याला म्हणणे यांत फरक आहे. पण त्या स्टँडमधले बहुसंख्य लोक ज्यू नाहीत. मित्राची शिवी मित्रासाठी झेलली, हे मैत्रीचेच लक्षण. तरी मित्राला विचारून झेलावी की नाही? क्लबने २३ हजारांहून अधिक चाहत्यांचे म्हणणे मागवले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये, कुणाला दोषी न ठरवता, आता हा शब्द मागे सोडू या असे सुचवले. सगळ्यांनी ऐकले असे नाही.

आपल्या घरात डोकावू. मुंबईची पंचरंगी क्रिकेट स्पर्धा आजोबांच्या तोंडून ऐकली असेल. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन, आणि पाचवा संघ 'द रेस्ट', बाकीचे. शिवी कुठेच नाही, पण या 'बाकीच्यां'मध्ये कोण होते? सांगलीत जन्मलेले आपले विजय हजारे, कारण ते ख्रिस्ती. १९४३च्या अंतिम सामन्यात विजय मर्चंट यांनी हिंदूंकडून नाबाद २५० काढल्या. बाकीच्यांच्या दुसऱ्या डावातल्या ३८७ धावांपैकी एकट्या हजाऱ्यांच्या ३०९. भाऊ विवेक दुसऱ्या टोकाला खिळा ठोकून उभा, ३००च्या भागीदारीत त्याच्या धावा २१. एवढा डाव खेळणारा मराठी माणूस मुंबईच्या मैदानावर 'बाकीचा' होता. गांधीजींनी १९४०मध्येच या धर्मवार सामन्यांवर नापसंती कळवली होती. तरी स्पर्धा आणखी काही वर्षे चालली.

आणि २००७चा ऑक्टोबर. ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला आधी बडोद्यात आणि मग आपल्या वानखेडेवर माकडाचे हावभाव आणि आवाज सोसावे लागले. माकड म्हणजे आमचा मारुती, त्यात अपमान कसला, हा बचाव मी मराठी बैठकांतून किती ऐकला आहे! त्याच बैठकांतले लोक २०२१च्या जानेवारीत सिडनीला भारताच्या सिराजवर प्रेक्षक घसरले तेव्हा पेटून उठले होते. अजिंक्य रहाणे सिराजसाठी पंचांकडे गेला, खेळ थांबला, काहींना स्टँडबाहेर काढले गेले. आपल्याला अभिमान वाटला आणि वाटायलाच हवा. पण तेव्हा एखाद्या ऑस्ट्रेलियनाने 'आमच्याकडे याचा अर्थ वेगळा होतो' म्हटले असते तर आपण ऐकून घेतले असते का?

आता आपल्या चर्च स्ट्रीट पार्कबद्दल. २०२३च्या जुलैत मेजर लीग क्रिकेट पहिल्यांदा भरले तेव्हा या गावच्या मैदानावर वॉशिंग्टन फ्रीडमच्या सौरभ नेत्रावळकरने सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध ९ धावांत ६ बळी घेतले. मुंबईचा पोरगा, दिवसा संगणक अभियंता. त्या वॉशिंग्टनचे नाव फ्रीडम, ज्या शहरातल्या दुसऱ्या संघाची कहाणी आताच सांगितली. अशा दिवशी ढोल घेऊन बसणाऱ्या आपल्या पोरांना गट काढावासा वाटणारच. इंग्लंडची बार्मी आर्मी आहे, भारताची भारत आर्मी आहे, तर आपली का नको?

समजा उद्या नाव ठरले 'मावळे'. छान नाव. कुणाचा अपमान नाही, इतिहास आहे, ढोलावर बसते. मला फक्त पुढची पायरी दिसते. आम्ही मावळे झालो की समोरच्याला आपोआप मोगल व्हावे लागते. नाव आपण आपल्यासाठी घेतो आणि भूमिका समोरच्याला वाटून टाकतो. 'आर्मी' म्हटले की समोर शत्रू हवा. 'बाकीचे' म्हटले की कुणीतरी बाहेर हवा. या भागातल्या लीगमध्ये समोर कोण असते? हैदराबादचे, लाहोरचे, ढाक्याचे, गयानाचे लोक. त्यांच्या पोरांच्या गाड्यांतून आपली पोरे सरावाला जातात.

म्हणून 'मावळे' ठेवू नका असे मी म्हणणार नाही. ठेवा. नाव ठरवायच्या बैठकीला मला बोलावलेत तर येईन, माझी अट एकच. समोरच्या संघातला एकजण त्या बैठकीत बसलेला असावा. त्याला मराठी येत नसेल तर घोषणांचा अर्थ त्याला कोण सांगणार, तेही आधी ठरवून ठेवा.